पैलवानाचं दूध

आमच्या घरात पाणी प्यायचे पेले स्टीलचे होते आणि दुधाचा एकच पितळी होता. तो पैलवानाचा. आतून कल्हई केलेला, बुडाला जड, आणि एवढा मोठा की मला तो दोन्ही हातांनी धरल्याशिवाय उचलवायचा नाही. पैलवान म्हणजे माझा थोरला भाऊ. माझ्याहून दोन वर्षांनी मोठा. तो अकरा वर्षांचा झाला तेव्हा आबांनी, म्हणजे आमच्या वडिलांनी, त्याला पेठेतल्या तालमीत घातलं आणि त्या दिवसापासून त्याला नावानं हाक मारणं बंद झालं. "पैलवान, उठा की." "पैलवान जेवलं काय?" आई पोटच्या पोराला अहो-जाहो करायची. गल्लीतले म्हातारेकोतारेही त्याला वाटेत थांबवून "काय पैलवान, बरं हाय न्हवं?" असं विचारायचे, आणि हे पैलवान शर्टाच्या बाहीनं नाक पुसत मान डोलवायचे. मला कुणी कधी अहो म्हटलं नाही. मला हाक यायची ती काम सांगण्यासाठी.

साठच्या दशकातल्या कोल्हापुरात मुलगा तालमीत घालणं ही काही विशेष गोष्ट नव्हती. शाळेत घालतात तसं तालमीत घालायचे, आणि पुष्कळांची तालीम शाळेच्याही आधी सुटायची. आबांनी मात्र ती फारच मनावर घेतली. आबा स्वतः कचेरीत कारकून आणि अंगानं काडीपैलवान. लहानपणी त्यांनाही मातीची हौस होती, पण घरात खुराक कुठला आणायचा म्हणून ती हौस राहूनच गेली, असं ते सांगायचे. खासबाग मैदानात मोठी कुस्ती असली की त्या दिवशी कचेरीत त्यांचं लक्ष नसायचं. भाऊ तालमीत जायला लागल्यावर त्यांना गल्लीत "पैलवानाचं वडील" म्हणू लागले. कुठल्याही बढतीनं त्यांचा चेहरा एवढा फुलला नसता.

खुराक सांभाळायचा म्हणजे सगळं घर त्याच्याभोवती फिरवायचं. पहाटे भाऊ तालमीत जाऊन जोर-बैठका मारायचा, आखाड्याच्या हौद्यातली माती उकरायचा, वस्तादांच्या हाताखाली लढत करायचा. तो घामानं आणि मातीनं माखून परत येईपर्यंत त्याची थंडाई तयार लागायची. ती करणं माझ्याकडं. आदल्या दिवशी भिजवलेले बदाम सोलायचे, खसखस, बडीशेप आणि मिरी घेऊन पाट्यावर गंधासारखं वाटायचं आणि दुधात घालून गाळायचं. वाटताना एखादा बदाम तोंडात टाकला तर आई पाठमोरी असूनही ओळखायची. "त्ये पैलवानाचं हाय," एवढंच म्हणायची. दुपारी भाकरीवर तुपाचा गोळा. रविवारी आणि बुधवारी मटण. मटण शिजलं की तिखट घालायच्या आधी त्याचं अळणी पाणी पहिल्यांदा वाडगाभर त्याच्यापुढं जायचं, मग आमचा तांबडा रस्सा व्हायचा.

संध्याकाळी दुधाचा कट्टा. चौकात गवळी म्हशी घेऊन उभे असायचे आणि तुमच्यासमोर धार काढून तुमच्याच भांड्यात द्यायचे. ते कोमट, फेसाळ दूध तिथंच उभ्यानं प्यायचं. भावाचा पितळी पेला न्यायला आणि परत आणायला मी. तो पेला तोंडाला लावायचा, डोळे मिटायचा आणि खाली ठेवायचा तो रिकामाच. ओठावर फेसाची मिशी. आजूबाजूची माणसं कौतुकानं बघायची. मला त्याचा राग यायचा, हे सरळच सांगते. मला ते दूध हवं होतं. एकदा मी आईला तसं म्हटलंही. ती म्हणाली, "तुला काय खासबागंत उतरायचं हाय?"

आता मागे वळून बघताना हसू येतं. म्युन्सिपालटीच्या नळावरून घागरी भरून आमच्या माडीवर मी चढवायची. धुणं मी बडवायची. शाळेला चालत मी जायची, चालत यायची. मेहनत माझ्या वाट्याला होती आणि खुराक त्याच्या. पण तोवर तोही भरपूर घाम गाळत होता, त्यामुळं या वाटणीत काही चुकतंय असं कुणाला वाटायचं कारण नव्हतं.

भाऊ लढायचाही बरा. गावोगावच्या जत्रांत लहान पोरांच्या कुस्त्या आधी रेवड्यांवर लागतात, मग नारळावर. आमच्या कोनाड्यात तेव्हा नारळ कमी पडले नाहीत. तो पंधरा वर्षांचा असताना कोडोलीच्या जत्रेत त्याची चांगली जोड लागली. आबा रजा टाकून गेले होते. मी नव्हते, बायकांनी कुस्तीला जायची रीत नव्हती. त्यामुळं काय झालं ते मला आबांच्याच तोंडून कळलं, आणि ते त्यांनी पुढं इतक्या वेळा सांगितलं की मी पाहिल्यासारखंच झालं. समोरच्या पोरानं पाय अडकवला, आमचा पैलवान वळला पण गुडघा वळला नाही. एस.टी.त मागच्या बाकावर पाय लांब करून आबांनी त्याला आणलं. जो कुणी बसायला येईल त्याला सांगत आले, "पावणं, जरा सरका, पैलवानाचा पाय हाय."

हाड बसवणाऱ्यानं गुडघा चोळून, लेप लावून बांधला. दुसऱ्या दिवशी वस्ताद घरी आले. एवढा मोठा माणूस आमच्या खाटेवर बसला तशी खाट करकरली. त्यांनी गुडघा दाबून पाहिला आणि आबांना सांगितलं, "सा म्हैनं माती बंद. पर खुराक तोडू नगासा. खुराक तुटला की अंग उतरतंय, मग पोरगं फिरून मातीत उभं ऱ्हात न्हाय." दाराआडून आईनं ते ऐकलं. देवापुढं घेतलेल्या शपथेसारखं तिनं ते धरून ठेवलं.

सहा महिने झाले. मग मॅट्रिकचं वर्ष आलं, म्हणून तालीम परीक्षेनंतर. परीक्षेनंतर गुडघा थोडा दुखतोय, म्हणून पावसाळ्यानंतर. पावसाळ्यानंतर कॉलेज. वस्ताद त्या सुमाराला तालीम दुसऱ्यावर सोपवून शाहूवाडीकडं आपल्या गावी भाताची शेती करायला निघून गेले. खुराक तोडू नका असं सांगणारा माणूसच गेला, त्यामुळं आता तोडा असं सांगायलाही कुणी उरलं नाही. थंडाई चालू, तूप चालू, अळणीचा वाडगा चालू. संध्याकाळी तो कॉलेजातनं दमून येतो म्हणून कट्ट्यावरचं दूध मीच पेल्यातून झाकून घरी आणायला लागले. म्हणजे दुधासाठी चौकापर्यंत चालणंही त्याचं सुटलं आणि माझं ओझं वाढलं.

तालमीत एक धाक असतो. तंबाखू खाल्लेला दिसला तर वस्ताद कानाखाली काढायचे. रात्रीचा सिनेमा नाही, बाहेरचं खाणं नाही. तो धाक गेला. कॉलेजचे नवे मित्र मिळाले. त्यातल्या एकाकडं फटफटी होती, त्यामुळं पानपट्टीपर्यंत जायचं झालं तरी मंडळी फटफटीवर. सकाळी घरची थंडाई पिऊन निघायचं आणि अकराला मिसळीचा कट दोनदा मागून घ्यायचा. संध्याकाळी भडंग, मग पानपट्टीवर उभ्याउभ्या तंबाखूचा बार. घरी आल्यावर दूध. आई त्याच्या तोंडाच्या वासाला लवंगेचा वास समजायची, कारण घरात शिरण्याआधी तो लवंग चावायचा. मला तो वास चांगला कळायचा. कट्ट्यावर तंबाखू चघळणाऱ्या माणसांत उभं राहून माझं नाक तयार झालं होतं.

त्याचं अंग भरत गेलं. शिंपी मापं घेताना फीत सैल सोडून "पैलवानांची तब्येत झाली" म्हणायचा. गल्लीत कौतुक कमी झालं नाही, उलट वाढलं. आमच्याकडं जाड माणसाला जाड म्हणत नाहीत, तब्येतीनं चांगला म्हणतात. गडहिंग्लजहून मावशी आली की आधी त्याच्या दंडाला हात लावून बघायची. दंड मऊ झाला होता, पण हातात मावत नव्हता, तेवढ्यावर ती खूष. माडीचा जिना चढून आला की तो वरच्या पायरीवर थांबून कठड्याला धरायचा. सकाळी डोकं धरून बसायचा, मग आई त्याच्या टाळूवर तेल जिरवायची आणि अभ्यासाचा ताण म्हणायची. अभ्यास तो किती करायचा ते मला माहीत होतं.

एका सुट्टीच्या दिवशी मी मैत्रिणींबरोबर सिनेमाला गेले होते. बायकांच्या रांगेत आम्ही उभ्या. पुरुषांच्या रांगेचं दार उघडलं आणि झुंबड उडाली. त्या झुंबडीत आमचा पैलवान. दोन्ही हात लोखंडी गजावर टेकून त्यानं उडी मारली, पलीकडं त्याच दुखऱ्या पायावर उतरला आणि खिडकीकडं धावला. धापा टाकत होता, पण लंगडत नव्हता. घरी तर रोज जिन्यावर लंगडायचा.

संध्याकाळी मी त्याला जिन्यातच गाठलं. "दादा, गुडघा बरा झाला की तुझा."

त्यानं वर बघितलं, खाली बघितलं. "हळू बोल."

"कधी बरा झाला?"

"कवाच. मॅट्रिकच्या आधी."

"मग तालमीत का जात न्हाईस?"

तो कठड्याला टेकला. मग म्हणाला, "मला न्हाय आवडत. पहिल्यापासनं न्हाय आवडत. तोंड मातीत घासायचं, कान चुरगाळून घ्यायचं, आणि हरलो की आबांच्या तोंडाकडं बघवत न्हाय. गुडघा गेला तवा मला बरं वाटलं बघ."

"मग दूध कशाला पितोस? नको म्हणून सांग. मी सांगतो आईला." आम्ही पेठेतल्या मुली तेव्हा मुलांसारखंच 'सांगतो, जातो' म्हणायचो.

"सांगू नकोस. दूध सोडलं की तिला कळंल. पेला रिकामा दिसतोय तवर तिला वाटतंय, मी जाणार हाय परत."

त्या वेळी मला हे सगळं फाजीलपणाचं वाटलं. ज्या दुधासाठी मी जीव टाकत होते ते हा नाक दाबून गिळत होता आणि वर आईवर उपकार करत होता. मी त्याला "ढोंगी" म्हटलं. तो हसला आणि गुडघ्याला हात लावून लंगडत वर गेला.

पदवीच्या आधीच त्याला एका सरकारी कचेरीतली नेमणूक मिळायची वेळ आली. आबांनी पुष्कळ खटपट केली होती. नेमणुकीला प्रकृतीचा दाखला हवा होता. पैलवानाला प्रकृतीचा दाखला म्हणजे निव्वळ कागदी काम, असं आबांना वाटलं. ते त्याला घेऊन निघाले, तेवढ्यात आई म्हणाली, "जातायसाच तर हिलाबी दाखवा. सारखी चक्कर येती म्हणती." म्हणून मीही गेले.

डॉक्टर वयस्क होते, थोडं बोलायचे. त्यांनी भावाला वजनकाट्यावर उभं केलं, मग दंडाला पट्टा गुंडाळून रबरी फुगा दाबला. पारा वर गेला, खाली आला. त्यांनी परत दाबला. मग त्याला खुर्चीत स्वस्थ बसवलं, पाणी दिलं, आम्हाला बाहेरचे दोन रोगी आधी तपासून घेतो म्हणाले आणि नंतर पुन्हा मोजलं.

"वय काय?"

"एकोणीस," आबा म्हणाले. "पैलवान आहेत."

"कुठल्या तालमीत जाता?" डॉक्टरांनी भावाला विचारलं.

"सध्या बंद हाय. गुडघा दुखावलाय," आबा म्हणाले.

"कधी दुखावला?"

"कोडोलीच्या जत्रंत."

"कुठल्या वर्षी?"

आबांनी हिशेब केला आणि त्यांचा आवाज खाली आला. डॉक्टरांनी चष्मा काढला. "म्हणजे चार वर्षं झाली. आणि खुराक?"

"त्यो कसा तोडायचा?" आबा म्हणाले. अगदी मनापासून म्हणाले.

डॉक्टरांनी सांगितलं की याच्या रक्ताचा दाब चढलेला आहे आणि या वयात तो एवढा चढायला नको. आबांनी आधी दवाखान्याच्या जिन्यावर खापर फोडलं, मग वाटेत घेतलेल्या चहावर, आणि शेवटी त्या यंत्रावरच. डॉक्टर चिडले नाहीत. त्यांनी पट्टा आबांच्या काडीसारख्या दंडाला गुंडाळला. आबांचा दाब अगदी हवा तेवढाच निघाला. यंत्र चांगलं होतं.

"तंबाखू किती होते रोज?" डॉक्टरांनी भावाला विचारलं. मला आबांचा चेहरा आठवतो. त्यांनी भावाकडं बघितलं, भावानं भिंतीवरच्या कॅलेंडरकडं. "होते थोडी," तो म्हणाला. आबा उठून उभे राहिले, मग परत बसले.

डॉक्टरांनी फार भाषण दिलं नाही. दूध, तूप, मटण यांत वाईट काही नाही, पण ते ज्या घामासाठी होतं तो घाम याला येत नाही, म्हणाले. आज कुठं दुखत नाही म्हणून कळत नाही, पण हे असंच राहिलं तर चाळिशीच्या आत हृदय, मूत्रपिंड, डोळे, यांपैकी कशावर तरी जाईल. मीठ आणि साखर कमी, तूप बंद, तंबाखू बंद, रोज चालायचं. "दाखला आज देत नाही. तीन महिन्यांनी या. दाब उतरला तर देतो." नेमणुकीची मुदतही साधारण तेवढीच होती. तीन महिन्यांत उतरला नाही तर नोकरी दुसऱ्याची.

मग त्यांनी मला पुढं बोलावलं. माझी खालची पापणी बोटानं ओढून बघितली. दुसरी बघितली. नखं बघितली. "हिच्या अंगात रक्त नाही," ते आबांना म्हणाले. "हिला काय देता खायला?"

मला तेव्हा रडू आलं. चक्कर येते याचं नाही, कुणीतरी विचारलं याचं.

घरी आल्यावर आबा खाटेवर भिंतीकडं तोंड करून पडले. दाखल्याचं आणि तंबाखूचं सगळं मलाच आईला सांगावं लागलं. आई चुलीपुढं होती. तिनं ऐकून घेतलं आणि भाकरी थापत राहिली. "डॉक्टरला काय कळतंय पैलवानातलं," एवढं म्हणाली. पण त्यात जोर नव्हता.

मग मी ठरवलं की आता बोलायचंच. "आई, त्याचा गुडघा बरा हाय. कधीचा. त्याला जायचंच न्हाय तालमीत."

"मला काय दिसत न्हाय व्हय?" ती म्हणाली. भाकरी तव्यावर टाकून तिनं पाण्याचा हात फिरवला. "घरात कोण नसलं की ताडताड जिना उतरतोय. माणसाची चाहूल लागली की लंगडतोय. माझं पोरगं हाय त्ये, मला कळत न्हाय?"

"मग दूध कशाला देतीस?"

तिनं चुलीतलं लाकूड मागं ओढलं. "वस्ताद म्हणालं, तोडू नका. म्या तोडलं की त्येला वाटंल, आईनंबी आपल्याला मोडीत काढलं. आन तुजं आबा. त्येंच्यापुढं पेला ठिवला न्हाय तर त्येंनी काय समजायचं? आमी समदी रोज म्हणतोय, उद्या बघू. कोण म्हणणार, संपलं म्हणून?"

म्हणजे तो आईला कळू नये म्हणून पीत होता, आणि आई त्याला कळू नये म्हणून देत होती, आणि आबांना कळू नये म्हणून दोघंही. आणि मी रोज संध्याकाळी तो पेला चौकातून वाहून आणत होते. माझं डोकंच फिरलं. मी ओरडले, "मग तू म्हण की! एकदा म्हण संपलं म्हणून. त्याचं रक्त चढलंय, नोकरी जायला लागलीया, आणि तुम्ही सगळी त्याला दूध पाजून मारायला बसलाय!"

आईनं माझ्याकडं बघितलं. मला वाटलं आता उलथनं येतंय अंगावर. पण तिनं भाकरी उलटली आणि म्हणाली, "जा, ताटं घे."

पुढचं सांगून टाकते. तीन महिन्यांत दाब उतरला, पुरता नाही, पण डॉक्टरांनी दाखला दिला. नोकरी लागली. सकाळी रंकाळ्याला फेरी मारायची सवय त्याला लागली ती कायमची. पहिले काही दिवस आबा त्याच्याबरोबर जायचे, तंबाखूच्या पानपट्टीपाशी ते मुद्दाम त्याचा हात धरून पलीकडच्या बाजूनं न्यायचे. तंबाखू सुटायला मात्र नोकरी लागल्यावरही बरीच वर्षं गेली. तिशी ओलांडल्यावर त्याला रोजची गोळी लागली आणि ती सुटली नाही. डॉक्टर म्हणाले होते तेवढं वाईट झालं नाही, एवढंच. त्याच्याबरोबर फटफटीवर हिंडणारा मित्र ऐंशीच्या दशकात ऐन उमेदीत हृदय बंद पडून एकाएकी गेला तेव्हा भाऊ दोन दिवस कचेरीत गेला नाही. तो मित्र कधी तालमीतही गेला नव्हता. त्याच्या घरी असा कुठला पेला नव्हता की जो बंद केल्यावर तो वेळीच सावध झाला असता.

पण मला आठवते ती डॉक्टरांकडून आल्याच्या दुसऱ्या दिवसाची संध्याकाळ. मी नेहमीप्रमाणे पितळी पेला घ्यायला फडताळाकडं गेले, तर तो तिथं नव्हता. आईनं तो घासून, पुसून, पाट्याच्या मागं पालथा घातला होता. तिनं माझ्या हातात स्टीलचा साधा पेला दिला. "ह्येच्यात आण. तुझ्यापुरतं."

मी आणलं. आबा खाटेवर बसले होते. भाऊ कॉलेजातून येऊन आपल्या जागेवर, भिंतीला टेकून बसला होता आणि सवयीनं पुढ्यातली जागा मोकळी ठेवून होता. आईनं तो स्टीलचा पेला माझ्यापुढं ठेवला. आबांनी तिकडं बघितलं आणि मान फिरवली. मी एक घोट घेतला. कोमट, म्हशीच्या वासाचं, जिभेवर साय येणारं. मला ते मुळीच आवडलं नाही. इतकी वर्षं मी ज्याच्यासाठी कुढत होते ते हे होतं. तरी मी ते पीत राहिले, कारण भाऊ माझ्याकडंच बघत होता.

आईनं त्याच्यासाठी केलेल्या बिनसाखरेच्या चहाचा कप हातात घेतला आणि स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात उभी राहून त्याला हाक मारली. पैलवान म्हणून नाही. त्याच्या नावानं, अरे-तुरेनं, पाळण्यात ठेवलेल्या नावानं. आठ वर्षांत ते नाव त्या घरात कुणी उच्चारलं नव्हतं.

तो वळला नाही. आई दुसऱ्या कुणाला हाक मारतेय असं त्याला वाटलं असावं. तिला त्याला परत हाक मारावी लागली.